राजीनामा आणि कबुलायत : गॅलिलिओचे एक पत्र

'राजीनामा' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो त्याचा मूळ अर्थ नव्हे. फारसीत तो राजीखुशीचा लेख. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलाच्या कारभारात जमीन सोडणारा खातेदार 'राजीनामा' लिहून देई आणि तीच जमीन नव्याने पत्करणारा 'कबुलायत' लिहून देई. पुढे नोकरी सोडण्याच्या पत्राला राजीनामा हे नाव चिकटले. कबुलायत मात्र महसुली दप्तरातच राहिली. वस्तुतः नोकरी बदलणाऱ्या माणसाला हे दोन्ही लेख लिहावे लागतात आणि दोन्ही लेखांची जात निराळी असते. टिळकांनी डिसेंबर १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीला दिलेला प्रदीर्घ राजीनामा मराठी वाचकांस ठाऊक आहे. तो ज्यांना सोडायचे त्यांना उद्देशून आहे आणि म्हणूनच त्यात झाल्यागेल्याचा सगळा हिशोब मांडता आला. परंतु ज्याच्याकडे जायचे त्याला, आधीची चाकरी का सोडतो हे सांगताना असा हिशोब मांडण्याची सोय नसते. जुन्या धन्याची निंदा करावी तर नव्या धन्याच्या मनात शंका येते की उद्या हा आपल्याविषयीही असेच लिहील. आणि स्तुती करावी तर मग सोडता का, हा प्रश्न उभा राहतो. या दोहोंच्या मधली वाट काढणारे लेखन वाङ्मय म्हणून सहसा कोणी वाचत नाही. आम्हांला ते वाचण्याजोगे वाटते, आणि त्याचा एक असामान्य नमुना म्हणून गॅलिलिओने ७ मे १६१० रोजी पादुआहून फ्लॉरेन्सला, तस्कनीच्या ग्रँड ड्यूकचे सचिव बेलिसारिओ व्हिंता यांना पाठवलेले पत्र येथे विचारात घेत आहोत.

पत्र लिहिले तेव्हा गॅलिलिओ सेहेचाळीस वर्षांचा होता. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या अखत्यारीतील पादुआ विद्यापीठात तो १५९२ पासून गणित शिकवत होता. आरंभी वर्षाला १८० फ्लोरिन, १५९९ पासून ३२०, १६०६ पासून ५२० असा त्याचा पगार चढत गेला. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांस याहून कितीतरी अधिक मिळे, कारण विद्यांच्या तत्कालीन उतरंडीत गणिताचे स्थान खालचे होते. वडील १५९१ मध्ये वारले तेव्हापासून थोरला मुलगा म्हणून घरचा भार गॅलिलिओवर आला होता. दोन बहिणींच्या हुंड्यांचे हप्ते थकलेले. त्यात वाटा उचलायचे कबूल करणारा भाऊ मिकेलान्जेलो वादक म्हणून परदेशी गेलेला आणि पैसे न पाठवणारा. तेव्हा पगारावर भागत नसे. गॅलिलिओने घरी विद्यार्थी जेवायला-राहायला ठेवले, खासगी शिकवण्या घेतल्या, मार्कान्तोनिओ मात्सोलेनी नावाचा कारागीर घरात ठेवून लष्करी व भूमितीच्या उपयोगाचे कंपास बनवून विकले, आणि ते वापरायचे कसे हे शिकवण्याची फी वेगळी घेतली. एका थोर वैज्ञानिकाचे घर म्हणून आपण जे चित्र रंगवतो त्यात खानावळ, वर्कशॉप आणि कोचिंग क्लास हे तिन्ही घालावे लागतात.

१६०९ च्या उन्हाळ्यात दुर्बिणीची वार्ता आली. हॉलंडमध्ये बनलेल्या नळीचे वर्णन कानी पडताच गॅलिलिओने स्वतःची नळी तयार केली आणि ऑगस्टमध्ये ती व्हेनिसच्या सिनेटरांना दाखवून दोजेला नजर केली. सिनेटने तत्काळ ठराव करून त्याची नेमणूक तहहयात केली आणि पगार १००० फ्लोरिन केला. मात्र वाढ चालू मुदत संपल्यावरच लागू व्हायची होती आणि पुढे पुन्हा वाढ मिळायची नव्हती. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याने चंद्रावरचे डोंगर पाहिले, गुरूभोवती फिरणारे चार उपग्रह पाहिले, आणि मार्च १६१० मध्ये व्हेनिसमध्येच 'सिदेरेऊस नुन्सिऊस' हे छोटे लॅटिन पुस्तक छापले. पुस्तक अर्पण केले ते व्हेनिसच्या कोणा अधिपतीला नव्हे, तर तस्कनीचा तरुण ग्रँड ड्यूक दुसरा कोझिमो द मेदिची याला. चारही उपग्रहांना मेदिची घराण्याचे नाव दिले. नाव नेमके कोणत्या रूपात द्यावे याविषयी त्याने आधी व्हिंतांचाच सल्ला घेतला होता. कोझिमोला गॅलिलिओने १६०५ च्या उन्हाळ्यात गणित शिकवले होते. १६०९ च्या फेब्रुवारीत वडिलांच्या निधनानंतर तो गादीवर आला होता. म्हणजे अर्ज करण्याची पूर्वतयारी आकाशात झाली होती असे म्हणावयास हरकत नाही.

मे महिन्यातले पत्र समजण्यासाठी त्याच्या आधीचे आणखी एक पत्र ध्यानात घ्यावे लागते. कोझिमो गादीवर आल्याच्या सुमारास गॅलिलिओने फ्लॉरेन्समधल्या एका गृहस्थांना लिहिले होते. दुर्बीण तेव्हा अजून यायची होती, सिनेटचा ठराव व्हायचा होता. तेव्हा पगाराचा असंतोष त्या पत्रात असेल असे वाचकास वाटेल. तो नाही. गॅलिलिओची तक्रार वेळेविषयी आहे. आपल्या आयुष्यातली वीस उत्तम वर्षे, देवाने दिलेली थोडीबहुत बुद्धी ज्याला हवी त्याला किरकोळीने विकण्यात गेली, असे तो म्हणतो. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाच्या मर्जीच्या भावाने स्वतःला विकणे याला त्याने वेश्येच्या चाकरीची उपमा दिली आहे. एका राजपुरुषाची सेवा करायला आपली ना नाही, हवी आहे तीच. पण ही बाजारातली सेवा नको.

आणि मग तो एक विधान करतो ज्यासाठी आमच्या मते हे पत्र राज्यशास्त्राच्या वर्गातही वाचायला हवे. प्रजासत्ताक कितीही उदार असले तरी लोकांची सेवा न करता त्याचा पगार खाता येत नाही. लोकांचा पैसा घ्यायचा तर लोकांचे समाधान करावे लागते, कोणा एकाचे करून भागत नाही. आपण शिकवण्याइतके धडधाकट आहोत तोवर पगार चालू ठेवून शिकवणे माफ करण्याचा अधिकार प्रजासत्ताकात कोणालाच नसतो. अशी सवलत फक्त निरंकुश राजाच देऊ शकतो. वाचताना हे चाटुकारीसारखे वाटते, आणि चाटुकारी त्यात आहेही. परंतु विधान म्हणून ते खोटे नाही. सार्वजनिक पैशाला जबाब द्यावा लागतो. जबाब द्यायचा म्हणजे मोजता येईल असे काम दाखवायचे. आणि ज्या कामाचे फळ वीस वर्षांनी येणार, किंवा येणारच नाही, ते मोजून दाखवता येत नाही. विद्यापीठात शिकवणारे आमचे वाचक तासिकांचे वेळापत्रक डोळ्यांपुढे आणून हे वाक्य पुन्हा वाचतील अशी आम्हांला खात्री आहे.

आता ७ मे १६१० चे पत्र. वर्षभरात परिस्थिती पालटली आहे आणि गॅलिलिओला एक अडचण उत्पन्न झाली आहे : ज्या प्रजासत्ताकाने नऊ महिन्यांपूर्वी त्याचा पगार जवळजवळ दुप्पट केला तेच सोडण्याचे कारण त्याला द्यायचे आहे. तो काय करतो ते पाहण्यासारखे आहे. आधी तो बातम्या देतो. पादुआत आपण नव्या ग्रहांवर तीन व्याख्याने दिली, सारे विद्यापीठ लोटले आणि विरोधकही निरुत्तर झाले. सम्राटाच्या पदरच्या गणित्याने, म्हणजे केप्लरने, आपल्या पुस्तकाचे समर्थन करणारे लांबलचक पत्र लिहिले आहे. आजच्या भाषेत हे शिफारसपत्र. विशेष हे की केप्लरजवळ तेव्हा पुरेशी चांगली दुर्बीण नव्हती आणि गॅलिलिओने जे पाहिले ते त्याने स्वतः पाहिलेले नव्हते.

मग मूळ मुद्दा येतो, आणि येथे गॅलिलिओ जुन्या धन्याविषयी एकही वावगा शब्द काढत नाही. मला येथे हजार फ्लोरिनांचा पक्का तहहयात पगार आहे, तो ज्या अधिपतीकडून येतो तो अमर आणि अचल असल्यामुळे अगदी निर्धोक आहे. खासगी शिकवण्यांतून तेवढेच आणि त्याहून अधिक मिळवता येईल. सरकारी काम वर्षाकाठी साठ अर्ध्या तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्यातही पुष्कळ सवलत आहे. ज्या नोकरीत वर्षाला तीस तास शिकवावे लागते ती सोडावी असे का वाटावे? गॅलिलिओचे उत्तर असे की, नडते ते हे सरकारी काम नव्हेच. त्या कामाभोवती साचलेल्या शिकवण्या आणि घरचे विद्यार्थी यांनी वेळ खाल्ला आहे. त्या सोडाव्यात तर भागत नाही, धराव्यात तर पुस्तके होत नाहीत. आपली पुस्तके हीच आपली रोजी व्हावी, आणि ती सदैव आपल्या स्वामीच्या नावाने निघावीत, एवढीच इच्छा आहे.

पुस्तकांची यादी पत्रात आहे, आणि ती वाचताना मन थक्क होते. विश्वाच्या रचनेवर दोन भाग. स्थानिक गतीवर तीन भाग, ही सर्वस्वी नवी विद्या. यामिकीवर तीन भाग. शिवाय ध्वनी व वाणी, दृष्टी व रंग, समुद्राची भरतीओहोटी, अखंड राशीची घटना, प्राण्यांच्या हालचाली यांवर लहान प्रबंध. आणि सैनिकाला उपयुक्त अशा विषयांवर आणखी काही. ही कबुलायत झाली. अर्जदार काय देणार याची फर्द. यातली किती कलमे फिटली हे पुढे पाहू.

पत्राच्या शेवटी पदनामाचा प्रश्न येतो. गणिती या नावाला जोडून 'तत्त्वज्ञ' हेही नाव मिळावे, असे गॅलिलिओ मागतो, आणि शुद्ध गणितात मी जितके महिने घालवले असतील त्याहून अधिक वर्षे तत्त्वज्ञानात घालवली आहेत असा दावा करतो. हे मानपानाचे हट्ट म्हणून वाचले जाते. ते तसे नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे गणित्याने ग्रहांच्या स्थानांची आकडेमोड करावी. ग्रह खरोखर कसे आहेत आणि का फिरतात हे सांगण्याचा अधिकार तत्त्वज्ञाचा. कोपर्निकसचे गणित बरोबर येते एवढे म्हणायला गणिती पुरे होता. पृथ्वी खरोखरच फिरते असे म्हणायचे तर तत्त्वज्ञ व्हावे लागत होते. विद्यापीठ ही उतरंड मोडू शकत नव्हते, कारण ते तिच्यावरच उभे होते. दरबार मोडू शकत होता. राजाने ज्याला तत्त्वज्ञ म्हटले तो तत्त्वज्ञ. मारिओ बिआजोली यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'गॅलिलिओ, कोर्टियर' या ग्रंथात हा मुद्दा सविस्तर मांडला आहे. त्यांची काही अनुमाने आम्हांला फार ताणलेली वाटतात, पण पदनामाविषयीचे विवेचन नाकारता येत नाही.

पत्रात जे नाही तेही वाचायला हवे. मारिना गाम्बा ही व्हेनिसची स्त्री गॅलिलिओच्या तीन मुलांची आई होती. त्यांचे लग्न झालेले नव्हते. तिचा पत्रात उल्लेख नाही, असण्याचे कारणही नव्हते. गॅलिलिओ फ्लॉरेन्सला गेला तेव्हा ती मागे राहिली आणि चार वर्षांचा मुलगा विन्चेन्त्सिओ काही काळ तिच्याजवळ राहिला. मुली वडिलांकडे फ्लॉरेन्सला गेल्या. १६१३ मध्ये दोघींना आर्चेत्रीच्या सान मात्तेओ मठात ठेवण्यात आले, तेव्हा थोरली तेरा वर्षांची होती. नोकरी बदलण्याची किंमत कोणी दिली याचा हिशोब अर्जाच्या कागदावर कधीच नसतो.

जूनमध्ये गॅलिलिओने पादुआची जागा सोडली. १० जुलै १६१० च्या आज्ञेने तो पिसा विद्यापीठाचा प्रमुख गणिती आणि ग्रँड ड्यूकचा तत्त्वज्ञ व गणिती झाला : पगार हजार स्कुदी, पिसाला राहण्याचे बंधन नाही, शिकवण्याचे बंधन नाही. मागितलेले सर्व मिळाले. सप्टेंबरमध्ये तो फ्लॉरेन्सला पोचला. व्हेनिसमध्ये अनेकांना ही कृतघ्नता वाटली, आणि त्यांचे फारसे चुकले असे म्हणवत नाही.

या घटनेवरचे सर्वांत जुने आणि सर्वांत मर्मग्राही भाष्य जानफ्रान्चेस्को साग्रेदो या मित्राचे आहे. साग्रेदो व्हेनिसचा उमराव; हे सर्व घडले तेव्हा तो अलेप्पोत प्रजासत्ताकाचा वकील होता. परत येऊन पाहतो तो मित्र निघून गेलेला. १३ ऑगस्ट १६११ रोजी त्याने गॅलिलिओला पत्र लिहिले. येथे जी मोकळीक आणि स्वतःवरची जी सत्ता तुला होती ती दुसरीकडे कुठे मिळणार, असे त्याने विचारले. तुझा राजा आज गुणी आहे. पण दरबाराच्या खवळत्या समुद्रात मत्सराच्या वाऱ्यांनी कोण बुडणार नाही याची हमी कोण देईल? आणि जेथे जेझुइटांच्या मित्रांची चलती आहे अशा जागी तू आहेस, याचीही मला काळजी वाटते. व्हेनिसने जेझुइटांना १६०६ मध्ये, पोपशी झालेल्या संघर्षात, हद्दपार केले होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

बावीस वर्षांनी, २२ जून १६३३ रोजी, रोममध्ये गॅलिलिओला गुडघे टेकून आपले मत मागे घ्यावे लागले, आणि साग्रेदोचे पत्र भविष्यवाणी ठरले. तेव्हापासून १६१० चा हा निर्णय उलटीकडून वाचण्याची प्रथा पडली आहे : स्वतंत्र भूमी सोडून सुखासाठी दरबारी गेला आणि फसला. बर्टोल्ट ब्रेख्तने १९३८-३९ मध्ये डेन्मार्कच्या आश्रयात लिहिलेल्या 'गॅलिलिओ' नाटकात हाच धागा धरला आहे. तेथे कोझिमो नऊ वर्षांचा पोर आहे; खरा कोझिमो तेव्हा विशीत होता. नाटककाराला तेवढी मुभा असते. तथापि स्वतः हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या माणसाला 'कोणत्या राज्यात राहावे' हा प्रश्न जितका स्पष्ट दिसला तितका तो १६१० मध्ये कोणाला दिसणे शक्य होते का, असे विचारले पाहिजे. व्हेनिस म्हणजे अभेद्य किल्ला नव्हता. जोर्दानो ब्रूनोला १५९२ मध्ये व्हेनिसमध्येच अटक झाली, आणि पुढल्याच वर्षी प्रजासत्ताकाने त्याला रोमच्या हवाली केले. १६०० मध्ये त्याला जाळण्यात आले. उलट पादुआतला गॅलिलिओचा सहकारी चेझारे क्रेमोनिनी, ज्याच्या मतांविषयी इन्क्विझिशनची चौकशी वर्षानुवर्षे चालू होती, त्याला व्हेनिसने अखेरपर्यंत राखले. तो १६३१ मध्ये पादुआतच वारला. तेव्हा राहिला असता तर वाचला असता, हे म्हणता येते. खात्रीने म्हणता येत नाही.

आमच्या मते त्या पत्रातला खरा धोका साग्रेदोने दाखवलेल्या जागेहूनही अलीकडे, खुद्द गॅलिलिओच्याच शब्दांत होता. प्रजासत्ताकाला त्याने अमर आणि अचल अधिपती म्हटले. मर्त्य अधिपतीविषयी त्याने काही म्हटले नाही. दुसरा कोझिमो प्रकृतीने नाजूक. तो १६२१ मध्ये तिसाव्या वर्षी वारला. गादीवर आलेला मुलगा दहा वर्षांचा, आणि कारभार आजी व आई या दोघी धर्मनिष्ठ स्त्रियांकडे. रोमहून १६३२ मध्ये बोलावणे आले तेव्हा हा दुसरा फर्दिनान्दो बावीस वर्षांचा होता. त्याला गॅलिलिओविषयी आदर होता, पण पोपशी झगडण्याचे बळ त्याच्यात नव्हते. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ पर्यंत टिकले.

आणि कबुलायतीचे काय झाले? ज्या फुरसतीसाठी पादुआ सोडली तिची पहिली वीस वर्षे वादविवाद, आजारपण, रोमच्या वाऱ्या आणि १६१६ च्या ताकिदीनंतरचे मौन यांत गेली. विश्वरचनेवरचे पुस्तक 'संवाद' या रूपात १६३२ मध्ये निघाले आणि त्यानेच घात केला. गती आणि यामिकीवरचे पुस्तक नजरकैदेत पुरे झाले. इटलीत ते छापता येईना, म्हणून १६३८ मध्ये हॉलंडात लायडन येथे एल्झेविरने छापले. या दुसऱ्या ग्रंथाचा गाभा, पडणाऱ्या व फेकलेल्या वस्तूंचे नियम, कधी हाती आला हे त्याच्या टिपणांच्या कागदांवरून अभ्यासकांनी ठरवले आहे : मुख्यतः १६०२ ते १६०९ या काळात. म्हणजे पादुआत, खानावळीच्या, कंपासांच्या आणि शिकवण्यांच्या धबडग्यात.

दोन्ही ग्रंथ संभाषणाच्या रूपात आहेत, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यांचे स्थळ मुद्दाम पाहावेसे वाटेल. फ्लॉरेन्सच्या राजतत्त्वज्ञाने १६३२ चा 'संवाद' घडवला तो व्हेनिसमध्ये, साग्रेदोच्या वाड्यात. साग्रेदो १६२० मध्येच वारला होता. ग्रंथात तो यजमान आहे, मनमोकळा, कुतूहल असलेला, पटले की लगेच मान्य करणारा. १६३८ च्या ग्रंथाचा आरंभ व्हेनिसच्या आर्सेनालमधल्या, म्हणजे गलबते बांधण्याच्या सरकारी गोदीतल्या, कारागिरांच्या कामापासून होतो, आणि बोलणाऱ्यांत साग्रेदो पुन्हा आहेच. १६४० मध्ये, दृष्टी पूर्ण गेल्यावर, आर्चेत्रीच्या घरातून गॅलिलिओने फोर्तुनिओ लिचेती या पूर्वी पादुआत असलेल्या तत्त्वज्ञाला पत्र लिहवून घेतले. त्यात त्याने पादुआतली अठरा वर्षे आपल्या साऱ्या आयुष्यातली सर्वोत्तम म्हटली आहेत.